आधी त्रास, मग गुण : मनाच्या औषधांचे पहिले काही आठवडे

तापाची गोळी घेतली की तासा-दीड तासात घाम येऊन अंग हलकं होतं. पित्ताची गोळी त्याच रात्री काम करते. मनाच्या आजारांवरच्या बहुतेक औषधांचा क्रम वेगळा असतो. मळमळ, गुंगी, तोंडाला कोरड, हाताला कंप यांपैकी काहीतरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच हजर होतं आणि ज्यासाठी गोळी सुरू केली तो गुण ठळकपणे दिसायला दोन ते सहा आठवडे जातात. आधीच खचलेल्या माणसाला ‘अजून थोडं सोस, मग बरं वाटेल’ असं सांगण्यासारखंच हे झालं. आणि तेवढंही अनेकदा कोणी सांगत नाही. चिठ्ठी हातात पडते, ‘महिन्याने या’ म्हणतात, आणि मधले तीस दिवस त्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी आपापले निभवायचे.

बऱ्याच जणांची औषधं सुटतात ती याच तीस दिवसांत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घ मुदतीच्या उपचारांवर एक अहवाल काढला. श्रीमंत देशांतसुद्धा सांगितलेलं औषध सांगितल्याप्रमाणे घेणारे सरासरी निम्मेच भरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात मधुमेह, दमा, रक्तदाब असे सगळे दीर्घ आजार होते. मनाच्या आजारांत हे प्रमाण अधिक चांगलं असायचं काही कारण नाही. आपल्याकडे तर मानसोपचारतज्ज्ञाच्या खुर्चीपर्यंत पोहोचणंच अवघड. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांपर्यंत आलेलेच नव्हते. लाज, खर्च, अंतर, ‘वेड्याचा डॉक्टर’ हा शिक्का, एवढं ओलांडून आलेला माणूस आठव्या दिवशी मळमळीपायी गोळ्यांची स्ट्रिप कपाटावर टाकून देतो. तो कोणाला कळवत नाही, आणि पुढच्या महिन्यात केसपेपर काढायला तो आला नाही हे ओपीडीत कोणाच्या लक्षातही येत नाही.

या सुरुवातीच्या त्रासांबद्दल जे काही माहीत आहे ते चाळलं की एक गोष्ट ठळक होते. यातले बहुतेक त्रास आधी सांगता येण्याजोगे आहेत, बहुतेकांवर साधे उपाय आहेत, आणि जे खरोखर धोक्याचे आहेत ते मोजके असून ओळखता येतात. अडतं ते औषधशास्त्रात कमी आणि सांगण्या-विचारण्यात जास्त.

सुरुवात सगळ्यांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या गटापासून करू. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, पॅरॉक्सेटिन ही नैराश्य आणि चिंतेवरची औषधं मेंदूतल्या पेशींच्या मधल्या जागेत सेरोटोनिन जास्त वेळ रेंगाळू देतात. पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन मेंदूत नसतं. ते आतड्यात असतं. त्यामुळे गोळीची पहिली दखल पोट घेतं. मळमळ, पातळ शौच, भूक मंदावणं, ढेकरा. जोडीला डोकेदुखी, घाम, झोपेचा विस्कोट. हे सगळं साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं, कारण शरीर त्या वाढलेल्या संदेशाला सरावतं. मेंदूतही सेरोटोनिनची पातळी काही तासांतच बदलते, पण तिथल्या पेशींना त्याप्रमाणे स्वतःची घडी बसवायला आठवडे लागतात. मन नेमकं कशाने उभारी धरतं याची पूर्ण उकल विज्ञानाला अजून झालेली नाही. ‘मेंदूत एक रसायन कमी पडलं, ते भरून काढतो’ हे दवाखान्यात सांगितलं जाणारं उत्तर सोयीचं आहे, तेवढं खरं नाही.

गुण सहा आठवड्यांनीच दिसतो, तोवर काहीच होत नाही, असंही नाही. अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिल्यावर सुधारणा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते असं आढळलं. फक्त ती इतकी बारीक असते की रुग्णाला स्वतःला कळत नाही. आई म्हणते, ‘आज स्वतःहून आंघोळीला गेला.’ बायको म्हणते, ‘दोन घास जास्त जेवले.’ तिकडे तो मात्र ‘काही फरक नाही’ म्हणतच असतो. म्हणून पहिल्या तपासणीला घरातलं एक माणूस बरोबर असणं फार उपयोगाचं.

पोटाच्या तक्रारींवरचे उपाय साधे आहेत. गोळी भरल्या पोटी घ्यावी. नाश्त्याला चहा-बिस्किट होत असेल तर जेवणानंतर. ताटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं, वरण-भात, पेज, ताक असं हलकं. आल्याचा तुकडा अनेकांना चालतो. झोप उडत असेल तर तीच गोळी सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री घेता येते का हे डॉक्टरांना विचारावं. बहुतेक वेळा येते. त्रास फार होत असेल तर ते अर्ध्या मात्रेने सुरुवात करून आठवड्याने वाढवतात, आणि वयस्कर किंवा चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांत हीच पद्धत मुळातून योग्य. चहा-कॉफी कमी केली तर धडधड आणि थरथर कमी होते, हे ऐकून आपल्याकडे चेहरे पडतात, पण ते खरं आहे. दारू मात्र पूर्ण बंद. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नाही.

आता जे साध्या उपायांनी भागत नाही त्याकडे वळू. या औषधांनी काही जणांना पहिल्या आठवड्यात चिंता उलट वाढल्यासारखी वाटते: छातीत धडधड, आत काहीतरी वळवळतंय, एका जागी बसवत नाही. पॅनिकचे झटके येणाऱ्यांना हे जास्त होतं, आणि आपल्याला अपाय होतोय याची त्यांना खात्रीच पटते. बहुतेकांत हे निवळतं. पण तरुणांच्या बाबतीत जास्त लक्ष हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलं आणि किशोरवयीनांसाठी या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवला. मुलांवरच्या चाचण्या एकत्र पाहता आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे चार टक्के, तर नकली गोळी घेणाऱ्यांत दोन टक्के आढळलं होतं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. हा इशारा म्हणजे औषध देऊ नका असा नाही. उपचार न केलेलं नैराश्य स्वतःच जिवावर उठतं. त्याचा अर्थ इतकाच, की सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला गोळी सुरू केली तर पहिले काही आठवडे, आणि मात्रा बदलली की पुन्हा, घरच्यांनी त्याला एकटं सोडू नये आणि डॉक्टरांनी त्याला महिन्याने नव्हे, आठवड्याने बोलवावं. दहा दिवसांत मुलगा एकदम चार तास झोपूनही ताजातवाना, बडबडा, मोठमोठे बेत करणारा झाला, तर ‘गोळी लागू पडली’ म्हणून पेढे वाटू नयेत. उन्मादाकडे जाणारी ती वाट असू शकते, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवी.

लैंगिक इच्छा मंदावणं, किंवा सगळं असूनही तृप्तीपर्यंत न पोहोचणं, हा त्रासही पहिल्याच काही दिवसांत सुरू होतो. तो मळमळीसारखा ओसरेलच असं नाही. बहुतेकांत औषध चालू असेपर्यंत टिकतो. पुरुष यावर एक शब्द न बोलता गोळी बंद करतात. बायका तर आपल्याला याबद्दल तक्रार करायचा हक्क आहे असंच मानत नाहीत. मात्रा कमी करणं, मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनसारख्या, हा त्रास कमी असणाऱ्या औषधाकडे वळणं असे मार्ग आहेत, पण त्यासाठी हा प्रश्न आधी कोणीतरी विचारायला हवा. माझ्या मते ती जबाबदारी डॉक्टरांची. बाहेर दहा माणसं रांगेत आणि दार अर्धवट उघडं, अशा खोलीत रुग्णाने स्वतःहून हे काढावं ही अपेक्षाच चुकीची.

मिर्टाझापिनचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच्याबद्दल आणि जुन्या अमिट्रिप्टिलिनबद्दलही थोडं. मिर्टाझापिनने झोप आणि भूक दोन्ही वाढतात. वजन घटलेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला हे वरदान, इतरांना डोकेदुखी. अमिट्रिप्टिलिन स्वस्त, सरकारी दवाखान्यांत सहज मिळणारं, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं आणि एकदम उठल्यावर चक्कर ही त्याची ठरलेली देणगी. इसबगोल, भरपूर पाणी, पलंगावर दोन मिनिटं बसून मग उभं राहणं एवढ्याने बरंचसं निभतं. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना मात्र लघवी तुंबू शकते, तिथे ‘सवय होईल’ म्हणून चालत नाही. चिंतेवरच्या क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलामचा प्रश्न उलटा आहे. ती पहिल्याच रात्री गुण देतात, म्हणून रुग्णाला तीच खरी औषधं वाटतात. दोन-चार आठवड्यांचा आधार म्हणून ती ठीक. त्यापुढे त्यांची सवय लागते, आणि आपल्याकडे खरी सवय लागते ती याच गोळ्यांची. लोक घाबरतात मात्र नैराश्याच्या गोळ्यांना. नैराश्याच्या गोळ्या अचानक तोडल्या तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं होणं, चिडचिड असे त्रास होतात, त्यामुळे त्या उतरवत उतरवत सोडाव्या लागतात. पण त्यांची तल्लफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही.

भ्रम आणि भास यांवरच्या औषधांची गोष्ट जास्त नाट्यमय आहे, आणि जास्त गैरसमजांची. पॅरिसमध्ये दले आणि देनिकेर या डॉक्टरांनी १९५२ साली क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिलं आणि आधुनिक मानसोपचार सुरू झाला. त्या रुग्णांत कंप, ताठरपणा, सावकाश चाल दिसू लागली, तेव्हा काही डॉक्टरांचं मत असं झालं की हात कापू लागेपर्यंत मात्रा वाढवली तरच औषध लागू पडतं. दुष्परिणामालाच गुणाची खूण मानण्याचा तो काळ. आज कोणी असं मानत नाही, पण अतिमात्रेची ती सवय जायला बरीच वर्षं लागली.

या गटातला सर्वांत भेदरवणारा सुरुवातीचा त्रास म्हणजे डिस्टोनिया. हॅलोपेरिडॉलसारखं जुन्या पिढीतलं औषध, विशेषतः इंजेक्शन, तरुण मुलाला दिलं की पहिल्या दोन-चार दिवसांत मान एका बाजूला पिळवटते, जबडा आवळतो, जीभ जड होते, डोळे वर चढतात. मुलगा शुद्धीवर असतो, पण बोलू शकत नाही. घरच्यांना वाटतं फिट आली, नाहीतर अंगात आलं. गावाकडे अशा वेळी आधी देवर्षी आठवला तर त्या माणसांना दोष देऊन उपयोग नाही, कारण ‘असं होऊ शकतं’ हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. प्रोमेथाझिनचं एक इंजेक्शन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिल, ज्याला रुग्ण ‘पॅसिटेन’ म्हणूनच ओळखतात, हे जवळच्या कुठल्याही दवाखान्यात मिळतं आणि बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. हे आधी सांगायला अर्धं मिनिट लागतं. न सांगितल्याची किंमत अशी, की ते कुटुंब त्या औषधाकडेच काय, त्या डॉक्टरकडेही पुन्हा फिरकत नाही.

अकॅथिसिया त्याहून फसवा. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं एवढंच, की माणूस येरझाऱ्या घालतोय, उभ्या उभ्या पाय बदलतोय, बसला की पाय हलवतोय. त्याला आतून काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. ‘कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं’ अशासारखं काहीतरी तो बोलतो. घरच्यांना वाटतं आजार चिघळला, ते तसं डॉक्टरांना कळवतात, आणि घाईत असलेले डॉक्टर औषध वाढवतात. मग येरझाऱ्याही वाढतात. खरं तर इथे मात्रा कमी करायची असते, औषध बदलायचं असतं, किंवा प्रोप्रॅनॉलॉलसारखी गोळी जोडायची असते. अकॅथिसियाने हताश होऊन लोकांनी जीव देण्याचे प्रयत्न केलेले आहेत. त्यामुळे ‘आजाराची अस्वस्थता की औषधाची?’ हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी थेट विचारावा. अस्वस्थता गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर आली का, तारीख कोणती, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

नव्या पिढीतल्या औषधांनी मान कमी वाकडी होते, पण कंबर वाढते. ओलान्झापिन, क्लोझापिन आणि थोड्या प्रमाणात क्वेटियापिन यांनी भूक अशी खवळते की माणूस रात्री दोनला उठून डबे शोधतो. वजन पहिल्या काही आठवड्यांतच चढायला लागतं, म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी वजन, कंबरेचा घेर, साखर आणि चरबीची तपासणी करून ठेवायची असते. आपल्याकडे मधुमेह आधीच घरोघरी. तरी ही साधी नोंद किती चिठ्ठ्यांवर असते, हे वाचकांनीच आपापल्या फायलीत पाहावं. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइडने प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं: पाळी थांबते, स्तनांतून दूध येतं. अविवाहित मुलीची पाळी चुकल्यावर मध्यमवर्गीय मराठी घरात काय काय घडू शकतं हे लिहायची गरज नाही. तपासणी करून औषध बदललं की बहुधा पाळी परत येते. जाता जाता एक सांगायला हवं. आपल्याकडे गॅस-पित्तासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, आणि तेही हेच सगळे उद्योग करतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला पित्ताच्या गोळीसकट सगळ्या गोळ्या दाखवाव्यात.

क्लोझापिन हे शेवटचं आणि अनेकदा सर्वांत प्रभावी अस्त्र. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटून रुग्ण दगावले आणि अनेक देशांनी ते मागे घेतलं. रक्तावर नजर ठेवण्याच्या अटीवर १९८९ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. पेशी घटण्याचं प्रमाण साधारण शंभरात एकापर्यंत, तेही बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. ‘इतक्या वेळा सुई कशाला’ म्हणून ही तपासणी टाळू नये, आणि ताप किंवा घसादुखी झाली तर गोळ्या बदलत न बसता त्याच दिवशी रक्त करावं. रात्री उशी भिजेल इतकी लाळ आणि चिवट बद्धकोष्ठ हे त्याचे आणखी दोन त्रास. लाळेचं लोक सांगतात, बद्धकोष्ठाचं लपवतात. धोका दुसऱ्यात जास्त आहे.

लिथियमवर थोडं जास्त लिहायला हवं, कारण महाराष्ट्राच्या दिनक्रमाशी त्याचं नातं फार जवळचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. द्विध्रुवीय विकारात आजही त्याच्या तोडीचं औषध मोजकंच. सुरुवातीला तहान लागते, लघवीला जास्त जावं लागतं, बोटांना बारीक कंप सुटतो, तोंडाला धातूसारखी चव येते. यातलं बरंचसं सुसह्य. पण उपयोगाची पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर कमी: रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० असावं लागतं आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती. म्हणून सुरुवातीला आठवड्याच्या अंतराने, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतात. सकाळची गोळी खाऊन रक्त द्यायला गेलं तर आकडा फसवतो.

शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. म्हणजे विदर्भातला मे महिना, जुलाबाची साथ, निर्जळी एकादशी, रोजे, आणि रक्तदाबासाठी एकदम बंद केलेलं मीठ हे सगळे लिथियम घेणाऱ्यासाठी सावधगिरीचे प्रसंग. वारीला पायी निघालेल्या माणसाचे गुडघे दुखतात, वाटेतल्या शिबिरात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिळतं, आणि नेमक्या याच वेदनाशामकांनी पातळी वाढते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरं. कंप ठसठशीत झाला, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, उलट्या-जुलाब लागले, की पुढची गोळी न घेता रुग्णालय गाठायचं. उपवास करूच नये असं कोणी म्हणत नाही; पाणी पिऊन करता येतो, आणि आजाऱ्याला व्रतातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

द्विध्रुवीय विकारावरच्याच लॅमोट्रिजिन आणि कार्बामाझेपिन यांच्यात लक्ष ठेवायचं ते त्वचेवर. लॅमोट्रिजिन मुद्दाम मुंगीच्या पावलांनी वाढवतात, पहिले दोन आठवडे अगदी कमी मात्रा, कारण घाईने वाढवल्यास अंगावर पुरळ येऊन क्वचित ते जिवावर बेततं. पुरळाबरोबर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड असतील तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसायचं नाही. व्हॅल्प्रोएट आणि मूल होण्याचं वय यांचा प्रश्न गोळी सुरू होण्याआधीच विचारायचा असतो. गर्भाला त्याचा अपाय गंभीर आहे. आणि घरातल्या ज्येष्ठांबाबत एक: नैराश्याच्या गोळ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम घसरू शकतं, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी सोबत असेल तर अधिकच. आजी अचानक गोंधळल्या, पडल्या, झोपाळल्या तर ‘वय झालं’ असं म्हणण्याआधी एक रक्ततपासणी करावी. महाग नसते.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की गोळी न घेतलेलीच बरी. हीच या विषयातली खरी अडचण आहे. दुष्परिणामांची यादी वाचूनही दुष्परिणाम होतात. चाचण्यांमध्ये नकली गोळी घेणाऱ्यांतलेही अनेक जण मळमळ आणि डोकेदुखी नोंदवतात, काही त्यापायी चाचणी सोडून जातात. तो त्रास खोटा नसतो. अपेक्षेतून आलेला, पण खराच त्रास. काही डॉक्टर यावरून ‘न सांगितलेलंच बरं’ असा सोयीचा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. न सांगितलेल्या माणसाला मोबाइलवर पन्नास भीतिदायक गोष्टी दोन मिनिटांत सापडतात. सांगणं टाळण्याऐवजी नीट सांगायला हवं: अमुक त्रास दहांपैकी दोघा-तिघांना होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही, झाला तर इतक्या दिवसांत जातो, तोवर हे करा, आणि या दोन-तीन गोष्टी दिसल्या तर थांबू नका. औषधाच्या पत्रकात ‘अतिशय सामान्य’ म्हणजे दहांत एकाहून जास्त आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे हजारात एकाहून कमी, असा संकेत युरोपात पाळला जातो. आपल्याकडे केमिस्ट दहाची स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो, तेव्हा पत्रक तर राहूच द्या, मुदतीची तारीखही दुसऱ्या तुकड्यावर राहते.

पहिलं औषध सगळ्यांना मानवतंच असं नाही, हेही आधीच सांगायला हवं. अमेरिकेत नैराश्यावर झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले जेमतेम तिसरा हिस्सा होते. औषध बदलावं लागणं म्हणजे रुग्णाचा किंवा डॉक्टरांचा पराभव नव्हे. हे आधी माहीत असलेला माणूस ‘मला कशानेच बरं वाटणार नाही’ या टोकाला जात नाही.

घरातल्या बोलण्याचा वाटा कमी लेखू नये. ‘डोक्याच्या गोळ्या कशाला, मन घट्ट कर’, ‘गरम पडतात त्या’, ‘आयुष्यभर घ्याव्या लागतील’ ही वाक्यं मळमळीने हैराण झालेल्या माणसाच्या कानावर पडली की निर्णय तिथेच होतो. कधी बोलण्यापलीकडेही मजल जाते: सून गोळ्यांनी सुस्तावली म्हणून सासूबाई गोळ्या लपवतात, किंवा मुलगा घेत नाही म्हणून आई आमटीत कुस्करून घालते. पहिल्याने आजार परततो, दुसऱ्याने विश्वास जातो. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांच्या स्वमदत गटांत एक आई दुसरीला जे सांगते, ‘पहिला महिना असाच जातो, आमच्याकडेही गेला,’ त्याची जागा कुठलंही पत्रक घेऊ शकत नाही.

आणि याला आपल्याच भागातला पुरावा आहे. गोव्यात संगत या संस्थेने विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांबरोबर केलेल्या ‘मानस’ या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली लॅन्सेटमध्ये आले. बारा प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि बारा खाजगी डॉक्टर. गोळ्या नेहमीचे डॉक्टरच देत. जोडीला गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशक होत्या. आजार समजावून सांगणं, औषध चालू ठेवायला मदत करणं, न आलेल्या रुग्णाचा माग काढणं हे त्यांचं काम. सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना याचा स्पष्ट फायदा झाला. खाजगी डॉक्टरांकडे तसा फरक दिसला नाही. त्या प्रयोगात गोळी नवी नव्हती, गोळीनंतर विचारपूस करणारं माणूस नवं होतं. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. तेव्हा ‘डॉक्टरांनी वेळ द्यावा’ ही मागणी रास्त असली तरी अपुरी आहे. ओपीडीतल्या परिचारिकेने किंवा आशाताईने आठव्या दिवशी केलेला एक फोन जास्त माणसं वाचवील, असं माझं मत आहे, आणि सरकारी योजनांत याच फोनची तरतूद नसते.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २२ नुसार सुचवलेल्या उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती, समजेल अशा भाषेत मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. विचारलं तर ‘तुम्हाला काय करायचंय’ हे उत्तर आता बेकायदा ठरतं. रात्री-अपरात्री घाबरगुंडी उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. औषधाने विचित्र काही झालं तर रुग्ण स्वतः त्याची नोंद करू शकतो. भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. या क्रमांकावर फोन करणारे सामान्य लोक फार थोडे, कारण तो माहीतच फार थोड्यांना.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणाला अशी गोळी सुरू होणार असेल तर एक वही करा. गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख, रोजची झोप, भूक आणि त्रास, प्रत्येकी एक ओळ पुरे. बाकीच्या सगळ्या गोळ्या, काढे, चूर्णं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. त्रास होतोय म्हणून स्वतःहून बंद करू नका आणि धीराने सोसतही बसू नका, कळवा. आणि पहिल्याच दिवशी, खुर्चीवरून उठण्याआधी विचारा: पहिल्या पंधरा दिवसांत काही झालं तर फोन कोणाला करायचा? ज्या दवाखान्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही, तिथे ते मिळेपर्यंत उठू नका.